शाळा वेगळ्या ठेवायच्यात? सुरुवात घरांपासून करा

अमेरिकेत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवायच्या असतील, तर फाटकावर पाटी लावायची चूक करू नका. पाटी कोर्टात पुरावा ठरते; कायद्यानं वेगळ्या ठेवलेल्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या ब्राउन निकालात तेच झालं. काम घरांवर करा, शाळा आपोआप येतात.

आधी नकाशा घ्या. १९३० च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी गृहकर्ज संस्थेनं वस्त्या रंगवल्या: हिरवी उत्तम, निळी बरी, पिवळी उतरणीला लागलेली, लाल धोक्याची. काळी कुटुंबं दिसली की लाल. गृहकर्जाचा विमा उतरवणाऱ्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या नियमपुस्तिकेत तर शाळेचाही विचार होता: शाळेत 'न जुळणाऱ्या' वंशाची मुलं बरीच असतील तर वस्ती कमी टिकाऊ समजावी. डेट्रॉइटमध्ये १९४१ साली काळ्या वस्तीला खेटून गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती आणि विमा मिळेना. बिल्डरनं मध्ये भिंत घातली: उंची सहा फूट, जाडी एक फूट, लांबी अर्धा मैल. विमा मंजूर!

भिंत महाग वाटली तर झोनिंग, म्हणजे कुठे काय बांधता येईल ते ठरवणारे स्थानिक नियम, वापरा. वर्णावरून झोनिंग करायला कोर्टानं १९१७ मध्येच मनाई केली, पण प्लॉटच्या मापाला वर्ण नसतो. किमान एक एकर, एका प्लॉटवर एकच कुटुंब, भाड्याच्या इमारतींना बंदी. झालं.

आता शाळांचा पैसा स्थानिक मालमत्ता करावर टांगा. टेक्सासातल्या एजवुड या गरीब शाळा-जिल्ह्यानं (शाळा चालवणारा, स्वतःचा कर लावणारा स्थानिक विभाग) शंभर डॉलरच्या मालमत्तेमागे १.०५ डॉलर कर लावला, त्यातून मुलामागे २६ डॉलर मिळाले. शेजारच्या अलामो हाइट्सनं ८५ सेंटच लावले आणि ३३३ डॉलर मिळवले. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे घटनेत बसतं म्हणून सांगितलं.

नवखे फसतात ते शाळा-जिल्ह्याच्या आकारात. अख्ख्या काउंटीचा (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) एकच शाळा-जिल्हा ठेवलात तर न्यायाधीश मुलांना बसमध्ये घालून कुठूनही कुठेही पाठवतो. शार्लट शहराच्या खटल्यात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला तशी मुभाच दिली. म्हणून तुकडे करा. मुलं मिसळावीत म्हणून डेट्रॉइटला ५३ उपनगरी शाळा-जिल्ह्यांशी जोडायची योजना १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी पडली, कारण त्या जिल्ह्यांचा दोष सिद्ध झाला नव्हता. कसा होणार? कर्जाचा विमा उतरवणारं खातं शाळा चालवत नाही, आणि शाळा चालवणारं मंडळ कर्ज देत नाही.

राहिलं तुमचं घर. वर्ण पाहून घर नाकारायला १९६८ पासून बंदी आहे. "इथली शाळा चांगली आहे ना?" असं एजंटला विचारायला नाही.