न जुळलेली पन्नास वर्षे : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. माणसांना ‘ऑब्जेक्ट’, म्हणजे संगणकाच्या कार्यक्रमातले स्वतंत्र घटक, मानून संगणकात समाज उभा केला (म्हणजेच समाजाचे ‘मॉडेल’ केले) तर नियम आपणच घालतो आणि म्हणून निष्कर्षही हवा तोच निघतो, असा आपला आक्षेप आहे. नियम आपण घालतो हे मला मान्य आहे. निष्कर्ष हवा तोच निघतो, हे मान्य नाही.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या लाँग हाउस व्हॅली या लहानशा खोऱ्यात मका पिकवणारे प्राचीन पुएब्लो हे मूलनिवासी लोक राहत असत, आणि इ. स. १३०० च्या सुमारास ते खोरे सोडून गेले. रॉबर्ट ॲक्सटेल, जोशुआ एपस्टाइन आणि त्यांच्या पुरातत्त्वज्ञ सहकाऱ्यांनी इ. स. ८०० ते १३५० हा काळ संगणकात पुन्हा मांडला. त्यात प्रत्येक कुटुंब हा स्वतंत्र ऑब्जेक्ट आहे : त्याचे वय, साठवलेला मका आणि शेत यांची नोंद त्याच्यापाशी, आणि पुढच्या वर्षी धान्य पुरणार नाही असे दिसले की दुसरी जागा शोधायची, हा नियमही त्याच्यापाशीच. लोकसंख्या किती असावी, हे मात्र कोठेही लिहिलेले नाही.

तरीही मॉडेलमधल्या लोकसंख्येचा चढउतार उत्खननातील पुराव्याशी बराच जुळला. मॉडेलमधले काही आकडे पुराव्याशी मेळ बसेल असे जुळवून घेतलेलेच होते, असे आपण म्हणाल, आणि ते खरे आहे. म्हणूनच या जुळण्याला मी फार वजन देत नाही. मला मोलाची वाटतात ती न जुळलेली शेवटची पन्नास वर्षे. प्रत्यक्षात खोरे पूर्ण ओस पडले, पण मॉडेलमध्ये घटलेली का होईना, वस्ती टिकून राहिली. याचा अर्थ, थोड्या लोकांना पुरेल इतका मका तेथे अजूनही पिकू शकत होता, आणि सगळेच का गेले याचे उत्तर केवळ हवामानात आणि पिकात सापडत नाही. हे उत्तर कोणी आधी पेरून ठेवले नव्हते.

‘ऑब्जेक्ट’ म्हणजे निर्जीव वस्तू, हा अर्थही येथे लागू होत नाही. ओस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी सिम्युला ही संगणकाची भाषा सिम्युलेशनसाठीच, म्हणजे प्रत्यक्षातल्या घडामोडी संगणकात चालवून पाहण्यासाठीच, घडवली, आणि तिच्या १९६७ च्या आवृत्तीत स्वतःची स्थिती व स्वतःचे वर्तन असलेला घटक म्हणून ऑब्जेक्टची कल्पना रुजली.

मॉडेलमधल्या त्या कुटुंबांना ना श्रद्धा आहे ना भाऊबंद, ही आपली तक्रार अगदी रास्त आहे. मग तोही नियम लिहून पाहू या : नात्यातली बहुतेक घरे गेली की उरलेली घरेही निघतात. त्याने खोरे १३०० च्या सुमारास ओस पडले, तर आपले म्हणणे बळकट होईल. पण बाराव्या शतकातल्या दुष्काळातच ते रिकामे झाले, तर हा नियम आपल्याला मागे घ्यावा लागेल, कारण तेव्हा लोक तेथे टिकून होते.