कणसाला इंजेक्शन देतो कोण?

पहिला पाऊस पडून गेला की आपल्या इंदुरात रामबागेपासून सुदामानगरापर्यंत सगळ्या मराठी ग्रुपांवर एक संदेश फिरू लागतो. लाल अक्षरं, तीन उद्गारचिन्हं आणि शेवटी 'आपल्या माणसांसाठी पुढे पाठवा'. मजकूर थोडक्यात असा: बाजारातला पिवळा 'अमेरिकन' भुट्टा जनुकीय बदल केलेला असतो. गोडीसाठी त्याला इंजेक्शन देतात आणि वरून रंग चढवतात. अळी सापडेल तेच कणीस शुद्ध. भुट्टे आणल्याबरोबर सोलून मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा, विष उतरतं आणि आठवडाभर टिकतात. मका पचत नाही, त्यावर पाणी प्यालात तर जिवावर बेतेल. मधुमेह असेल तर लांबच राहा.

यातली एक-दोन वाक्यं नुसती खोटी आहेत. बाकीची खोटी असून वर कणीसही वाया घालवतात, म्हणून हा खटाटोप.

जनुकीय बदलाचं आधी. भारतात व्यापारी लागवडीत असलेलं जनुकीय बदल केलेलं पीक एकच, बीटी कापूस. त्याला 2002 साली परवानगी मिळाली. बीटी वांग्यावर 2010 मध्ये स्थगिती आली, ती उठलेली नाही. जनुकीय बदल केलेल्या मोहरीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2024 मध्ये दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले. असल्या मक्याला मात्र आपल्याकडे लागवडीची मंजुरीच नाही. अमेरिकेत तसा गोड मका पिकतो हे खरं, पण तिथे जनुक घातलं ते अळीला रोखायला, गोडीसाठी नव्हे. आणि ठेल्यावरचा 'अमेरिकन' भुट्टा अमेरिकेतून येत नाही, इथल्याच शेतात पिकतो. हैदराबादच्या संशोधकांनी गोड मक्याची 'माधुरी' आणि 'प्रिया' अशी वाणं काढली, त्यालाही बरीच वर्षं झाली.

मग ही गोडी येते कुठून? साध्या मक्याच्या दाण्यात साखर येते आणि तिचा भराभर स्टार्च होत जातो. गोड मक्यात ही साखळी एका ठिकाणी अडते, कारण त्यातलं एक जनुक निसर्गतःच बिघडलेलं असतं. असा मका अमेरिकेतले मूळ रहिवासी अठराव्या शतकातही पिकवत होते. पुढे 1950च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात दुसऱ्या एका बिघाडाकडे लक्ष गेलं. त्या वाणाचे दाणे वाळल्यावर सुरकुतून जातात, पण ओले असताना कितीतरी जास्त गोड लागतात. आजचे बहुतेक 'सुपरस्वीट' भुट्टे या दुसऱ्या घराण्यातले. म्हणजे सगळा करामतीचा भाग बियाण्याच्या निवडीत आणि संकरात आहे.

इंजेक्शनवाल्याची तर मला दयाच येते. कणसावर साधारण चौदा-सोळा ओळी असतात (मोजून बघा, ओळींची संख्या जवळजवळ नेहमी सम निघते) आणि एकेका ओळीत तीसेक दाणे. प्रत्येक दाणा स्वतंत्र फळ, स्वतःच्या सालीत बंद. एका दाण्यात टोचलेलं पाणी शेजारच्या दाण्यात जाणार नाही. म्हणजे एका भुट्ट्यासाठी चारशेवर टोचण्या, त्याही हिरवी पानं न उघडता. पोत्यागणिक माल उतरवणाऱ्या चोइथराम मंडीत हे काम करणारा माणूस कुणी दाखवावा. रंगाचंही तेच. पिवळेपणा ल्युटिन आणि झियाझँथिन या रंगद्रव्यांचा, ती दाण्याच्या आत असतात. दाणा चिरून बघा, आतही पिवळा.

अळीचं प्रमाणपत्र मात्र मोठ्या विश्वासाने दिलं जातं. अळी कणसाच्या केसांतून टोकाकडून आत शिरते. एकदा पानांच्या आत गेली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे चार वेळा फवारलेल्या शेतातल्या कणसातही अळी निघते आणि कधीच न फवारलेल्या शेतातलं कणीस स्वच्छ निघू शकतं. अमेरिकन लष्करी अळी 2018 मध्ये भारतात दिसली, तेव्हापासून मक्याचे शेतकरी हैराण आहेत. तिच्या नावाने शुद्धतेचे शिक्के मारणं त्यांच्या जखमेवर मीठ आहे. टोकाला अळी असेल तर तेवढं टोक कापून टाका, बाकीचं खा. मधेमधे दाणे नसतील तरी घाबरू नका. कणसाचा एक केस म्हणजे एक दाणा. ज्या केसावर पराग पडला नाही त्याची जागा रिकामी राहते, इतकंच.

आता मिठाच्या पाण्याचा सल्ला. खरं नुकसान इथे होतं.

कणीस तोडलं तरी जिवंत असतं, श्वास घेतं, उष्णता सोडतं. गच्च भरलेल्या पोत्याच्या मधोमध हात घाला, कोमट लागेल. या काळात साध्या गोड मक्यातली साखर झरझर स्टार्च होत असते: 30 अंशांना एका दिवसात साठ टक्क्यांपर्यंत, शून्य अंशाला मात्र सहाच्या आसपास. पावसाळ्यात आपल्याकडची दुपार त्या तिसाच्या जवळच असते. म्हणजे सकाळी तोडलेला भुट्टा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओट्यावर पडला तर त्याची चव कुणी इंजेक्शनने नाही, तुम्हीच घालवली. सुपरस्वीट वाण थोडं सोसतं, गोडी काही दिवस टिकते, पण दाणे सुकून साल चिवट होते.

त्यात सोलून पाण्यात बुडवायचं! पानं म्हणजे कणसाचं घरचं वेष्टण. ती काढली की दाणे सुकतात. पाण्यात ठेवले तर गोडी पाण्यात उतरते आणि दोन दिवसांत आंबूस वास येतो. पानांसकट, न धुता, सैल पिशवीत घालून फ्रिजच्या थंड भागात ठेवा आणि शक्य तर त्याच दिवशी, फार तर दोन-तीन दिवसांत संपवा. सोलणं आणि धुणं चुलीवर चढवायच्या वेळी. जास्त दिवस ठेवायचे तर दाणे उकळत्या पाण्यात चार मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कोरडे करून फ्रीझरमध्ये. महिनोन्महिने चांगले राहतात. उकळणं टाळू नका. कच्चे दाणे गोठवले तर आतली एन्झाइमं चालूच राहतात आणि चव बिघडते.

घेतानाही सोललेल्या ढिगाकडे जाऊ नये. पानं हिरवी आणि ओलसर हवीत. केसांचं टोक तपकिरी चालेल, पण बुडाशी ते फिकट आणि लवचिक असावेत. काळे, चिकट असतील तर सोडा. देठाचा काप पांढुरका म्हणजे ताजा, तपकिरी म्हणजे शिळा. पानांवरूनच अंगठा टोकापर्यंत फिरवला की दाणे भरलेत की नाही ते कळतं. नखाने दाणा फोडून बघण्याची पद्धत खरी आहे: दूध निघालं तर वेळ बरोबर, पाणी निघालं तर कोवळा, पिठूळ निघालं तर जून. पण दहा कणसं सोलून एक घेणाऱ्या काकूंना ठेलेवाला मनातल्या मनात काय म्हणतो ते इथे लिहिता येणार नाही. एकच फोडा, तोच विकत घ्या.

'देशीच खा' म्हणणाऱ्यांशी माझं अर्धं जमतं. भुट्ट्याचा कीस करायचा तर दुधाच्या अवस्थेतला देशीच हवा. किसल्यावर तो स्वतःच्या स्टार्चने धरून येतो, तूप-जिरं-हिंगाच्या फोडणीत दूध पितो आणि फुलतो. गोड मक्याचा कीस पातळ पडतो, वर लिंबू पिळलं तरी खिरीसारखा लागतो. सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री अकराला कीस खाणाऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही. पण हा सगळा चवीचा वाद आहे, विषाचा नाही.

पचनाचं आटोपतो. दुसऱ्या दिवशी शौचात जे दिसतं ती दाण्याची साल, सेल्युलोजची. आतला भाग पचलेला असतो. चावून खा. पाण्याने मरण येत नाही. पाऊस पाहायला गेल्यावर भुट्टा खाऊन पोट बिघडलं तर संशय घ्यायचा तो गढूळ पाण्यावर आणि सकाळपासून उघड्या पडलेल्या लिंबाच्या फोडीवर.

मधुमेहींसाठी: शंभर ग्रॅम गोड मक्यात सुमारे 19 ग्रॅम कर्बोदकं, त्यातली साखर सहाएक ग्रॅम, ग्लायसेमिक इंडेक्स (रक्तातली साखर किती वेगाने चढते त्याचा आकडा) पन्नाशीच्या थोडा वर. म्हणजे एक कणीस हे त्या जेवणातल्या पोळीच्या बदल्यात धरायचं, पोळीच्या जोडीला नाही. सकाळी पोह्यांबरोबर जिलबी खाऊन हा संदेश पाठवणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचावं.

मक्यातला खरा धोका संदेशात आलाच नाही, तो म्हणजे बुरशी. 1974 मध्ये आपल्या झाबुआला लागून असलेल्या बांसवाडा आणि पंचमहाल भागात अवेळी पावसात भिजलेला मका तसाच साठवला गेला. त्यावरच्या बुरशीने अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार झालं, गावोगाव कावीळ पसरली आणि शंभरावर माणसं गेली. त्याआधी गावातल्या कुत्र्यांतही तसाच आजार दिसला होता. ताज्या भुट्ट्याशी याचा संबंध थोडाच. प्रश्न वाळवून ठेवलेल्या दाण्याचा आणि पिठाचा आहे. हिवाळ्यात मक्याच्या रोटीसाठी किंवा पानियांसाठी (पानांत भाजलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्यांसाठी) पीठ आणाल तेव्हा कुबट वास, हिरवट-काळे डाग किंवा कडवट चव आढळली तर उन्हात घालून, चाळून, भाजून वापरायचा मोह धरू नका. हे विष चुलीच्या आचेने जात नाही.