खुलासा: टॅग लायब्ररीची वेब.एक्सएमएलमध्ये नोंद सक्तीची नाही
कस्टम टॅग (जेएसपी पानांत वापरायला स्वतः बनवलेले टॅग; त्यांचा संच म्हणजे टॅग लायब्ररी किंवा टॅगलिब) जार फाइलमध्ये, म्हणजे जावाच्या संकुलित फाइलमध्ये, बांधून दिले, तरी ते वापरणाऱ्या प्रत्येक जावा वेब अ‍ॅप्लिकेशनच्या वेब.एक्सएमएल या मांडणी-फाइलमध्ये टॅगलिबची नोंद करावीच लागते, असे अजूनही नवशिक्यांना सांगितले जाते. 2001 मध्ये आलेल्या जेएसपी (जावात वेब पाने बनवण्याचे तंत्रज्ञान) 1.2 पासून ही गरज उरलेली नाही. जारच्या मेटा-इन्फ फोल्डरमध्ये यूआरआय (लायब्ररीचे वेब पत्त्यासारखे ओळखनाव) दिलेली टीएलडी फाइल, म्हणजे टॅगचे वर्णन करणारी फाइल, ठेवून ती जार वेब-इन्फमधील लिब फोल्डरमध्ये टाकली, की कंटेनर (अ‍ॅप्लिकेशन चालवणारा सर्व्हर) ती टीएलडी स्वतःच शोधतो. पानावरील टॅगलिब डायरेक्टिव्हमधला (पानाला लायब्ररी जोडणाऱ्या ओळीतला) यूआरआय तेवढा टीएलडीतल्या यूआरआयशी अक्षरशः जुळला पाहिजे. (त्या पत्त्यावरून काहीही डाउनलोड होत नाही, तो निव्वळ ओळखीपुरता असतो.)

गोंधळ होतो तो बहुधा टॅग फाइलींमुळे, म्हणजे जावा कोडऐवजी जेएसपीच्याच भाषेत लिहिलेल्या टॅगमुळे. 2003 च्या जेएसपी 2.0 ने आणलेल्या या फाइली वेब-इन्फमधील टॅग्ज फोल्डरमध्ये असताना टीएलडीशिवाय चालतात. मात्र जारमध्ये हलवल्यावर त्या मेटा-इन्फमधील टॅग्ज फोल्डरमध्ये ठेवून प्रत्येकीचा पाथ टीएलडीत लिहावाच लागतो, अन्यथा कंटेनर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. वेब.एक्सएमएलमधील नोंद चुकीची नव्हे. पण यूआरआय एकच असल्यास तिलाच प्राधान्य मिळते, त्यामुळे जुन्या प्रकल्पातून जशीच्या तशी उचललेली नोंद नव्या जारमधील टीएलडीला निष्प्रभ करू शकते.