युद्ध जिंकायचे घरगुती उपाय

युद्ध जिंकायला सैन्य लागतं, ही जुनी समजूत आहे. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तानची लढाई पेटली, तेव्हा पुण्यातल्या आमच्या बावधनच्या सोसायटीनं ती चार दिवसांत खोडून काढली. लागतं ते एवढंच: बऱ्यापैकी सोफा, रोजचा दीड जीबी डेटा, टीव्हीचा रिमोट आपल्या हातात असणं आणि सकाळी लवकर उठायची सक्ती नसणं. पुढच्या वेळी तुमची धावपळ होऊ नये (पुढची वेळ येणार, त्याची काळजी नको), म्हणून अनुभवाचे चार बोल लिहून ठेवतो.

आधी एक सांगून टाकतो. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली गेली. त्यात पुण्यातली होती, डोंबिवलीतली होती, पनवेलचीही. त्यावर मला तेव्हा काही बोलता आलं नाही, आजही येत नाही. बोलण्यासारखं भरपूर ज्यांच्यापाशी होतं, त्यांच्याकडून काय शिकावं एवढंच इथं लिहितोय.

पहिलं काम म्हणजे आपली सोसायटी शत्रूच्या यादीत वरच्या नंबरावर आहे, हे ठरवून टाका. पुण्यात हे सोपं आहे. कॅम्पात सदर्न कमांडचं मुख्यालय, खडकीला दारूगोळ्याचा कारखाना, खडकवासल्याला लष्करी प्रशिक्षणाची एनडीए, लोहगावला हवाई दलाचा तळ आणि आमच्या शेजारी पाषाणला संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा. शत्रूनं कुठूनही नेम धरला आणि तो थोडासा चुकला, की बॉम्ब आमच्या क्लबहाउसवरच. आमच्याकडे फ्लॅट विकायचा असला की याच प्रयोगशाळांच्या भागाला 'शांत, हिरवागार परिसर' म्हणतात. युद्ध सुरू झालं की त्याच भागाला 'टार्गेट झोन' म्हणायचं. दोन्ही खरं आहे, फक्त गिऱ्हाईक बघून बोलावं. लोहगावकडच्या आमच्या नातेवाइकांचंही तसंच. एरवी लढाऊ विमानांच्या आवाजानं झोप होत नाही म्हणून कुरकुरणारी ही मंडळी त्या आठवड्यात गच्चीवर खुर्च्या टाकून आवाजाची वाट बघत होती. आवाज आला नाही, तर काळजीनं झोप नाही.

दुसरं म्हणजे तयारी. ७ मेला देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली. सरकारनं ठरवलेल्या ठिकाणांत आमच्या सोसायटीचं नाव नव्हतं. हा अपमान गिळणाऱ्यांतले आम्ही नाही. रात्री आठला आपला आपण ब्लॅकआउट करायचा, असं ठरलं. भोंगा कुठून आणायचा? ए विंगनं सुचवलं, लिफ्टचा अलार्म दाबू. बी विंगनं विचारलं, ए विंगच्याच लिफ्टचा का? यावर वीस मिनिटं गेली, मेंटेनन्सचा जुना हिशेबही निघाला. शेवटी आठ वीसला ए विंगचा अलार्म वाजला आणि लिफ्टमध्ये कोण अडकलं म्हणून बघायला घराघरांतून दिवे लागले, दारं उघडली. जे आधीपासून अंधारात शिस्तीत बसले होते, त्यांनीही लावले. त्या रात्री शत्रूचं विमान बावधनवरून गेलं असतं, तर वैमानिकाला खाली धावपट्टी आहे असंच वाटलं असतं.

यावर तातडीची मीटिंग झाली. यापुढे अलार्म वाजला तर कुणीही दार उघडायचं नाही, दिवा लावायचा नाही, टॉर्चही नाही, असा ठराव एकमतानं मंजूर झाला. ठराव मीच मांडला होता. तुम्हीही मांडा. आणि १९७१ साली खिडक्यांच्या काचांना काळे कागद कसे चिकटवले होते, मोटारींचे दिवे अर्धे काळे कसे रंगवले होते, हे सांगणारे एक आजोबा प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांना खुर्ची जरूर द्या. माइक देऊ नका.

आता निरोपांविषयी. कोणतीही बातमी पुढे ढकलताना वर 'आत्ताच आर्मीतल्या मित्राचा फोन होता' हे वाक्य घालावं. मित्राचा हुद्दा कुणी विचारलाच, तर 'काही गोष्टी सांगता येत नाहीत, समजून घ्या' असं लिहून दोन तास गप्प राहावं. या गप्प राहण्यानं भलताच भाव वधारतो. त्या आठवड्यात एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, अशी बातमी फिरत होती. पीआयबीनं, म्हणजे सरकारच्या माहिती कार्यालयानं, ती खोटी असल्याचं सांगितलं. पण खोटी बातमी तेवढ्यानं सोडून देणारे लोक वेगळे. आमच्या लोकांनी कोपऱ्यावरच्या एटीएमपुढे रांग लावली आणि संध्याकाळपर्यंत ते रिकामं करून बंद पाडलं. सांगा आता, कुणाचं खरं झालं?

'डान्स ऑफ द हिलरी' नावाचा व्हायरस पाकिस्तानातून व्हिडिओच्या रूपात येतोय, तेव्हा अनोळखी व्हिडिओ उघडू नका, असं बजावणारा एक व्हिडिओ आमच्या ग्रूपवर अनोळखी नंबरावरून आला. सगळ्यांनी उघडला. 'आर्मा ३' नावाच्या व्हिडिओ गेममधली दृश्यंही सीमेच्या दोन्ही बाजूंना खऱ्या लढाईची म्हणून फिरली. आमच्याकडे ती सातवीतल्या एका मुलानं बरोबर ओळखली, 'काका, हे मी खेळलोय' म्हणाला. अशा मुलांना ताबडतोब अभ्यासाला बसवावं.

टीव्हीबद्दल काय सांगू? ८ मेची रात्र ज्यांनी पाहिली, त्यांना सांगायला नको आणि जे झोपले होते, त्यांना आता पटणार नाही. कराचीचं बंदर उद्ध्वस्त झालं, इस्लामाबाद पडलं, तिकडच्या लष्करप्रमुखाला अटक झाली, हे सगळं दोन जाहिरातींच्या मधे उरकलं. मागे सायरन अखंड. हा सायरन इतका वाजला की १० मेला गृह खात्याला वाहिन्यांना सांगावं लागलं, बाबांनो, हवाई हल्ल्याचा भोंगा कार्यक्रमात वाजवू नका, खरा वाजेल तेव्हा लोकांना कळणार नाही. माझ्या मते हा वाहिन्यांवर अन्याय होता. खरा भोंगा वाजलाच, तर लोक आवाज कमी करायला रिमोटच शोधतील, हे उघड आहे. पण त्यात दोष भोंग्याचा.

सकाळी कराची जागच्या जागी होती, हे कळल्यावर आमच्या ग्रूपवर थोडी निराशा पसरली. त्या वेळी एकानं (बहुधा तो अजून ग्रूपवर नवा असावा) माहिती टाकली की १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता आणि कराचीत १८५५ सालची एक शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावानं उभी आहे. असली माहिती युद्धकाळात देऊ नये. आपण रात्री पावणेबाराला जे बेचिराख केलं, त्यात एका वैद्यांची शाळा होती, हे कळलं की सकाळचा चहा उगीच कडवट लागतो. त्या सदस्याला मेंटेनन्सची आठवण करून देण्यात आली.

शस्त्रास्त्रांवर बोलताना बावधनकरांनी एवढं मात्र जपावं की आपल्या दारातला चांदणी चौक आठवू नये. २ ऑक्टोबर २०२२, मध्यरात्रीनंतरचा एक. जुना पूल पाडायला ६०० किलो स्फोटकं, बंदोबस्त, टीव्हीवर थेट प्रक्षेपण, आम्ही गच्चीवर. गांधी जयंती लागून एक तास झाला होता, तो वेगळा विषय. धडाम् झालं, धूळ बसली आणि पूल बराचसा उभाच. पुढचं काम पोकलेननं केलं. पूल आपला, स्फोटकं आपली, अडवणारं कोणी नाही, आणि ही गत. पण हे आठवत बसलं तर 'एका रात्रीत नकाशावरून पुसून टाका' हे वाक्य ठसक्यात म्हणता येत नाही.

बहिष्कार हा सर्वांत स्वस्त उपाय. तुर्कस्ताननं पाकिस्तानची बाजू घेतली, तेव्हा पुण्यातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घ्यायचं थांबवलं. त्यांना तोटा सोसावा लागणार, ते व्यापारी, त्यांची गोष्ट वेगळी. आमचं बघा. महिना मे. घरात आढी लावलेली, हापूस-पायरी दोन्ही घरात, रसाची वाटी दोन वेळा. मे महिन्यात पुण्यात सफरचंद खातो कोण? ज्याला डॉक्टरनं आंबा बंद केलाय तो. तरी आमच्या सोसायटीनं 'आम्ही तुर्की सफरचंद खाणार नाही' अशी शपथ सामूहिक घेतली आणि नंतर आमरसाचा कार्यक्रम झाला. बहिष्कार नेहमी बिगरहंगामी फळावर टाकावा. शक्य तर न परवडणाऱ्या.

पण खरी लढाई झाली ती स्वयंपाकघरात. जयपूरच्या काही मिठाईवाल्यांनी 'म्हैसूर पाक'चं 'म्हैसूर श्री' केलं, ही बातमी वाचून आमच्या सी विंगमधल्या काकूंना स्फुरण चढलं. त्यांनी प्रस्ताव मांडला की सोसायटीच्या हद्दीत पाक हा शब्द बंद. वाचताना सोपं वाटतं. करून बघा. रव्याच्या लाडवाला एकतारी श्री, चिरोट्यांना दोनतारी श्री. पुऱ्या 'श्रीतल्या'. इथवर जमलं. मग पाककृतीची झाली श्रीकृती, ती सत्यनारायणाच्या प्रसादासारखी वाटायला लागली. पाकिटाचं श्रीट करायला बँकेतले एक काका तयार होईनात. आणि तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की आपण रोज दोन्ही वेळा करतो तो स्वयंपाकच. त्यातच शत्रू! पिढ्यान्पिढ्या! काकूंनी दुसऱ्या दिवशी ग्रूपवर लिहिलं, 'आमच्याकडे आज स्वयंश्री उशिरा होईल.' त्यांच्या मिस्टरांनी खाली विचारलं, 'ही कोण?' तिथं प्रस्ताव बारगळला.

आमच्या घरी मी थोडा प्रयत्न करून पाहिला. बायको लाडवांचा पाक करत होती. म्हटलं, आपण याला दुसरं काही म्हणू या का? ती म्हणाली, "काहीही म्हण, पण ढवळायचं थांबलास तर लाडू वळले जाणार नाहीत." मी ढवळत राहिलो.

शेवटचा आणि नाजूक मुद्दा शस्त्रसंधीचा. शनिवार, १० मे. संध्याकाळी पाचपासून थांबायचं ठरलं आणि ते आपल्याला आधी कळलं ते थेट ट्रम्प यांच्याकडून. ज्यांचा सोफा इतका तापला होता, त्यांच्यावर हा घोर अन्याय होता. अशा वेळी राग कुणावर तरी काढावाच लागतो. सोपा मार्ग म्हणजे निरोप आणणाऱ्याला धरावं. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी शस्त्रसंधी जाहीर केली आणि लोकांनी एक्सवर त्यांना इतकं झोडपलं की त्यांना खातं कुलूपबंद करावं लागलं. पोस्टमननं विजेचं बिल आणलं म्हणून त्याची सायकल पंक्चर करणं यात शौर्य आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

एक पथ्य मात्र पाळा. तुमच्या इमारतीत सैन्यातून निवृत्त झालेलं कुणी असेल, तर त्या आठवड्यात त्यांच्याशी बोलायला जाऊ नका. आमच्याकडे एक सुभेदार आहेत, साताऱ्याकडचे. अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे ना, घरटी एक माणूस फौजेत असलेलं, त्या बाजूचे. चार दिवसांत ग्रूपवर त्यांनी एकच निरोप टाकला होता: 'पाण्याचा टँकर किती वाजता?' त्याला उत्तर मिळालं नाही, कारण तेव्हा इस्लामाबाद पडत होतं. शनिवारी संध्याकाळी ते लिफ्टमध्ये भेटले, हातात कोथिंबिरीची जुडी. मी म्हटलं, "काय सुभेदारसाहेब, आणखी दोन दिवस मिळाले असते तर?"

"कुणाला मिळाले असते?" ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा मजला आला. मला अजून उत्तर सुचलेलं नाही. म्हणून सांगतो, जाऊ नका.

बाकी सगळं नंतर सुरळीत झालं. त्या वर्षी पावसालाही घाई होती, २६ मेलाच मोसमी पाऊस पुण्यात येऊन ठेपला. चांदणी चौकाकडे गाड्यांच्या लाल दिव्यांची रांग, खाली पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी. अशाच एका संध्याकाळी मी भिजून घरी आलो, लिफ्टमध्ये शिरलो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधे कुठंतरी वीज गेली. काळोख. अलार्म बॅटरीवर चालतो, तो वाजला. मी बोट काढलंच नाही. दहा मिनिटं वाजवला. एक दार उघडलं नाही. एक टॉर्च दिसली नाही. मी ओरडलो, तर वरून कुणीतरी "श्श!" केलं.

मग खिशात फोन थरथरला. ग्रूपवर सेक्रेटरींचा निरोप होता: 'आजचं ड्रिल अत्यंत यशस्वी. या वेळी बी विंगनंही दिवे बंद ठेवले. सर्वांचं अभिनंदन.'

खाली एकोणीस अंगठे आले होते.