दादा, फॉरवर्ड करण्याआधी २००१ ची जनगणना बघ

गेल्या रविवारी सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर थोरल्या भावाने एक मेसेज टाकला. ‘या पिढीचं काय होणार? पाच कटू सत्यं’. तुमच्याकडेही कुणी ना कुणी पाठवला असेल. एरवी असले मेसेज मी न वाचता सोडून देते. या वेळी सोडला नाही, कारण त्याखाली दादाने स्वतःची एक ओळ जोडली होती : ‘म्हणूनच पोरीला दिवाळीला कायमचं घरी आणतोय.’

पोरगी म्हणजे माझी भाची. पंचवीस वर्षांची आहे. पुण्यात नवी पेठेत तिघींच्या खोलीत राहते, सकाळी सातला अभ्यासिकेत जाऊन बसते, एमपीएससीचं तिचं हे तिसरं वर्ष. कुणी लिहिलं त्याचं नाव नसलेल्या एका मजकुरावरून तिचा अभ्यास मोडायला निघालेत, म्हणून हे उत्तर ग्रुपवर न देता सगळ्यांसमोर देतेय.

मेसेजमधले मुद्दे असे. एक, आजच्या मुलांना लग्नच नको आणि झालं तर टिकत नाही, दर दोन लग्नांमागे एक घटस्फोट. दोन, मुलींना गरजेपेक्षा जास्त शिकवलं, त्यांच्या अपेक्षा वाढल्या, म्हणून शेतकऱ्यांची पोरं बिनलग्नाची राहिली. तीन, पैसा उडवतात, बचत शून्य, सगळं हप्त्यावर. चार, कष्ट नकोत, आईबापाच्या जिवावर बसून खातात. पाच, देशाचं आणि नेत्यांचं त्यांना काही पडलेलं नाही, मत द्यायला जात नाहीत, तेव्हा मताचा अधिकार पंचविसाव्या वर्षी द्यावा. सुरुवातीला ‘एका आंतरराष्ट्रीय संस्थेचा सर्व्हे’ असं म्हटलंय. संस्था कुठली, सर्व्हे कधीचा, किती जणांना विचारलं, यातलं काहीही नाही.

घटस्फोटाचं आधी उरकते. २०११ च्या जनगणनेत देशभरात घटस्फोटित म्हणून नोंदलेली माणसं होती सुमारे १३.६ लाख. विवाहितांच्या तुलनेत हे प्रमाण ०.२४ टक्के पडतं. कायद्याने न सुटता नुसते वेगळे राहणारे त्याच्या अडीचपट होते, तेही धरले तरी एक टक्का होत नाही. त्यानंतर आकडा वाढला असेल, शहरांत जास्त वाढला असेल, हे मी मान्य करते. पण निम्मी लग्नं मोडतात हे कुठून आलं? आपल्याच भावकीतली गेल्या दहा वर्षांतली लग्नं मोजा आणि त्यातली किती मोडली ते सांगा.

लग्न उशिरा होतं, हे मात्र खरं आहे. केंद्र सरकारच्या ‘युथ इन इंडिया २०२२’ या अहवालात १५ ते २९ वयोगटातल्या अविवाहितांचं प्रमाण २०११ मधल्या १७.२ टक्क्यांवरून २०१९ मध्ये २३ टक्क्यांवर गेलेलं दिसतं. पण उशिरा करणं वेगळं आणि नको म्हणणं वेगळं. माझ्या कॉलेजातून बाहेर पडलेली मुलं-मुली भेटतात तेव्हा ‘मॅडम, नोकरीचं जमलं की करू’ असंच म्हणतात.

आता दुसरा मुद्दा. माझा खरा राग यावर आहे, म्हणून इथे जरा थांबते.

मुली मिळत नाहीत, हे खोटं नाही. आमच्या कोल्हापूरच्या करवीर-कागल भागात गावागावात तीस-बत्तीस वर्षांची पोरं आहेत. दोन-तीन एकर ऊस आहे, दारात दुभती जनावरं आहेत, घर स्लॅबचं आहे आणि चार-चार वर्षं स्थळं बघून झाली आहेत. त्यांच्या आयांचे चेहरे मी बघते. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला होता. टीव्हीवर लोक त्याला हसले. मला हसू आलं नाही. आणि त्या मोर्चातल्या पोरांची मागणी काय होती? गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा, ही. दुखणं कुठे आहे हे त्या पोरांना कळलं होतं.

२००१ ची जनगणना काढा. त्यात शून्य ते सहा वर्षं वयाच्या मुलांचा एक रकाना आहे, हजार मुलग्यांमागे मुली किती ते सांगणारा. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचा आकडा होता ८३९. शेजारच्या सांगलीचा ८५१. साताऱ्याचा ८७८. निसर्गाने हा आकडा साधारण ९५० च्या आसपास राहतो. म्हणजे आपल्या जिल्ह्यात त्या सहा-सात वर्षांत दर हजार मुलग्यांमागे शंभरावर मुली जन्मालाच आल्या नाहीत, किंवा जन्मून जगल्या नाहीत. त्या रकान्यातली मुलं आज किती वर्षांची आहेत ते बोटांवर मोजा. पंचवीस ते बत्तीस. ज्यांना मुली मिळत नाहीत तीच ही पोरं.

हे त्या पोरांनी केलेलं नाही आणि त्यांच्या वयाच्या पोरींनीही नाही. त्यांच्या आईवडिलांच्या, म्हणजे माझ्या आणि दादाच्या पिढीने केलं. कायदा नव्हता म्हणायची सोय नाही. महाराष्ट्राने देशात सगळ्यात आधी, १९८८ मध्ये, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. देशाचा कायदा १९९४ चा. तरी राज्याचा आकडा १९९१ मध्ये ९४६ होता, २००१ मध्ये ९१३ झाला आणि २०११ मध्ये ८९४. ऊस, दूध, साखर कारखाने, पैसा असलेल्या पश्चिम महाराष्ट्रात तो आधी कोसळला, कारण सोनोग्राफी आधी इथे परवडली. मग बीडमध्ये २०११ ला तो ८०७ वर गेला. बीडमधली ही पोरं अजून लग्नाला यायची आहेत. त्यांच्याही वेळी मुलींच्या शिक्षणालाच दोष देणार का?

शेतकरी नवरा नको, असं मुली म्हणतात हेही खरं. पण हे मुलीच्या आधी तिचा बाप म्हणतो. दादा, गेल्या वर्षी तू स्वतः भाचीसाठी जी दोन स्थळं नाकारलीस ती शेती करणाऱ्या मुलांची होती. ‘नोकरीवाला बघा, पुण्यात स्वतःचा फ्लॅट असला तर उत्तम’, हे तुझे शब्द. तू पाच एकरांचा बागायतदार आहेस. उसाचं बिल वेळेवर मिळेल की नाही, पूर येईल की नाही या घोरात तू आयुष्य काढलंस म्हणून मुलीसाठी ते नको म्हणालास. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. पण बापाने म्हटलं तर व्यवहार आणि मुलीने म्हटलं तर माज, हे मला मान्य नाही.

हा मुद्दा नुसता चूक असता तर एवढं लिहिलं नसतं. त्याने पोरींची आयुष्यं संपतात. ‘जास्त शिकवू नका’ हे वाक्य ग्रुपवरून घरात आलं की पहिल्यांदा बारावीतली मुलगी घरी बसते. माझ्या वर्गातून दरवर्षी दोन-तीन नावं दिवाळीच्या सुट्टीनंतर गळतात, आणि ती सगळी मुलींची असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीडमध्ये ४३.७ टक्के. हजाराला ८०७ मुली उरल्या तोच हा जिल्हा. तिथल्या मुली शिकून बिघडल्यात असं कुणाला म्हणायचं असेल त्याने आधी ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाणाऱ्या एखाद्या घरात जाऊन बघावं, सोळाव्या वर्षी पोरगी का उजवतात ते.

तिसरा आणि चौथा मुद्दा एकत्र घेते, कारण दोन्हींना उत्तर एकच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने दिल्लीच्या मानव विकास संस्थेबरोबर मार्च २०२४ मध्ये भारतातल्या रोजगारावर अहवाल काढला. त्यात २०२२ मधली पदवीधर तरुणांची बेकारी २९.१ टक्के आहे आणि ज्या तरुणांना लिहिता-वाचता येत नाही त्यांची ३.४ टक्के. याचा अर्थ शिकलेले आळशी आहेत असा काढू नका. ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत आहे तो मिळेल त्या मजुरीला जातो. ज्याला घरच्यांनी कर्ज काढून शिकवलं तो शिक्षणाजोगं काम शोधत थांबतो, आणि तसं काम पुरेसं नाही. त्याच अहवालानुसार २०१२ ते २०२२ या काळात महागाई वजा जाता नियमित पगारदारांची कमाई दरवर्षी सुमारे एक टक्क्याने घटली. ‘आमच्या काळी एका पगारात घर झालं’ म्हणणाऱ्यांनी आपल्या मुलाचा पगार आणि आपल्याच गल्लीतल्या फ्लॅटची किंमत शेजारी शेजारी लिहून बघावी.

पैशांबाबत एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते. शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या, म्हणजे भाव चढेल की पडेल यावर पैसे लावायच्या, नादाने पोरं बुडताहेत. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने घरी आलेलं उसाचं बिल तीन आठवड्यांत घालवलं. त्याच्या वडिलांना अजून पूर्ण आकडा माहीत नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जो अभ्यास मांडला त्यात तीन आर्थिक वर्षांत अशा व्यवहारांत ९३ टक्के लोकांना तोटा झाला, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर, आणि तिशीच्या आतल्यांचा वाटा एका वर्षात ३१ वरून ४३ टक्के झाला. हे भयानक आहे आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण उरलेले ५७ टक्के तिशीच्या पुढचे होते, हेही त्याच आकड्यात आहे. आपल्या ग्रुपवर ‘टिप’ पाठवणारे काका पंचावन्न वर्षांचे आहेत.

भाचीचा खर्च महिन्याला साडेनऊ हजार. खोली, मेस, अभ्यासिका, बस. ती चहासुद्धा एकदाच घेते. तिने पैसे उडवले म्हणणाऱ्याला मी तिची वही दाखवायला तयार आहे, रोजचा हिशेब लिहिते ती.

राहिला पाचवा मुद्दा. यातही एक भाग खरा आहे. २०२४ च्या लोकसभेआधी १८-१९ वयाचे सुमारे १.८४ कोटी मतदार नोंदले गेले होते, त्या वयाच्या एकूण मुलांच्या चाळीस टक्केही नाहीत. मला याचं वाईट वाटतं. आमच्या कॉलेजात आम्ही बारावीच्या मुलांकडून नमुना ६, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, भरून घेतो. सतरा पूर्ण झाली की आधीच अर्ज करता येतो आणि वर्षातून चार तारखा असतात, हे बहुतेक पालकांनाच माहीत नसतं. पण नाव घातलं नाही म्हणून मताचा हक्कच काढून घ्यायचा? ६१ व्या घटनादुरुस्तीने हे वय एकविसावरून अठरावर आणलं, मार्च १९८९ पासून. मेसेजच्या शेवटी भगतसिंग आणि राजगुरूंचा फोटो लावलाय. फाशी गेले तेव्हा भगतसिंग तेवीस वर्षांचे होते आणि आपल्या खेडचे राजगुरू बावीस. पंचविशीच्या आत देशाचं कळत नाही असं लिहिताना त्यांचा फोटो तरी लावायला नको होता.

आणि नेतृत्वाबद्दल आस्था नाही म्हणता, ती दाखवायला जागा कुठे ठेवली? महाराष्ट्रात कॉलेजातल्या थेट निवडणुका नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद केल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्या पुन्हा घ्यायची तरतूद झाली आणि मग त्या लांबणीवरच पडत गेल्या. आमच्या कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० ला संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधली पाच वर्षं प्रशासक. २०२० ला अठरा पूर्ण केलेल्या पोराला आपला नगरसेवक निवडायला तेविशी गाठावी लागली. हा उशीर त्याने केला नव्हता.

तरी ही पोरं गप्प बसलेली नाहीत. मार्च २०२१ मध्ये ऐन वेळी एमपीएससीची परीक्षा पुढे ढकलली तेव्हा पुण्यातली शेकडो मुलं शास्त्री रस्त्यावर उतरली आणि त्याच महिन्यात परीक्षा झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यसेवेची पूर्व आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी, २५ तारखेला आली, तेव्हा पुन्हा तिथेच बसली, आणि २२ ला आयोगाने तारीख बदलली. त्या रात्री भाची तिथे होती. मला फोन करून म्हणाली, ‘आत्या, बाबांना सांगू नको, काळजी करतील.’ त्याच वर्षी ७ मेला आपल्याकडे मतदान होतं. आदल्या रात्रीच्या एसटीने ती आली, सकाळी रांगेत उभी राहिली आणि दुपारच्या गाडीने परत गेली. तू दाराशी उभा राहून तिला डबा दिलास, दादा.

अजून एक गोष्ट आहे. ती लिहू की नको, असा दोन दिवस विचार केला. २००० च्या पावसाळ्यात वहिनी गरोदर असताना घरात ‘एकदा तपासून घ्या’ म्हणणारी माणसं होती. आपलीच, जवळची. गाडीही ठरवली होती. तू नाही म्हणालास आणि त्यांच्याशी चार महिने बोलला नाहीस. फेब्रुवारीत जनगणनेची माणसं आली तेव्हा भाची दोन महिन्यांची होती. त्या ८३९ मध्ये ती आहे, ती तुझ्यामुळे. तेव्हा सगळ्या भावकीसमोर उभा राहिलेला माणूस आज एका निनावी मेसेजवरून तिला परत आणतो म्हणतो, हे मला सहन होत नाही.

दिवाळीला ती येईल, चार दिवस राहील आणि अभ्यासिका उघडली की जाईल. पुढचं खोलीभाडं मी भरणार आहे, वहिनीला तसं सांगितलंय. तो मेसेज तेवढा ग्रुपवरून काढून टाक.