ओ पाव्हणं, चाल तुमची न्हाई!

दिवाळीत आणि गोकुळाष्टमीच्या रात्री पेठेतल्या माडीवर तीन पत्ती खेळून ज्यांनी नाव कमावले आहे, आणि पत्त्यांतले आता आपल्याला काही शिकायचे राहिलेले नाही अशी ज्यांची पक्की खात्री झाली आहे, अशा कोल्हापूरकरांनी पुढची पायरी म्हणून पणजीच्या कॅसिनोत जाऊन पोकर खेळावे. पोकर कसे जिंकावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात; त्या टेबलावर बसून वागावे कसे हे मात्र कोणी सांगत नाही, आणि त्यामुळे आपल्याकडची काही माणसे तिकडे जाऊन विनाकारण सभ्यपणाने वागून परत येतात. त्यांच्या मार्गदर्शनासाठी हे चार शब्द.

एवढ्या लांब का जायचे, अशी शंका कोणी काढील. तर महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंचे नियंत्रण आणि कर यांचा कायदा केला, तो एकदाही अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. गोव्याने त्याच १९७६ साली जुगाराविरुद्ध कायदा केला आणि १९९२ व १९९६ मध्ये त्यात दुरुस्त्या करून आधी पंचतारांकित हॉटेलांना आणि मग जहाजांना वाट करून दिली. परवानगीचा कायदा करून बंदी पाळणारे आपण आणि बंदीचा कायदा करून परवानगी देणारे ते, यांच्यामध्ये आंबोलीचा घाट आहे. तो उतरला की सावंतवाडी लागते. तेथे हाताने रंगवलेली गंजिफाची गोल पाने अजूनही बनतात आणि दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी १२० पाने असतात. पण तेथे थांबू नये. पत्त्यांचा इतका देखणा आणि जुना संसार पाहिल्यावर माणसाच्या अंगी विनय येण्याचा धोका असतो, आणि तो पुढे टेबलावर नडतो.

खेळ तसा सोपा आहे. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात, मध्ये आधी तीन, मग एक आणि मग आणखी एक अशी पाच पाने सर्वांसाठी उघडली जातात, आणि या सातांतून ज्याची पाच पाने भारी ठरतील त्याला पैसे मिळतात. पाच पानांचे २५,९८,९६० वेगवेगळे हात होऊ शकतात असे गणित सांगते. आपल्याला मात्र पान लागले आणि पान लागले नाही हे दोनच प्रकार पुरतात.

चाल घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते. ती आपल्यापर्यंत येण्याची वाट पाहणे हे मिळमिळीतपणाचे लक्षण आहे. आपल्या आधीचे तिघे अजून विचारात असतानाच ‘पॅक!’, म्हणजे मी डाव सोडला, असे ओरडून पाने भिरकावून द्यावीत. उजवीकडचा माणूस पैसे वाढवू की नको अशा पेचात असतो. आता मागून आपली अडचण येणार नाही हे त्याला फुकटात समजते आणि तो निर्धास्तपणे पैसे वाढवतो. ज्याचे नुकसान झाले तो ‘ओ पाव्हणं, चाल तुमची न्हाई!’ म्हणेल. त्यावर हसावे. वास्तविक तीन पत्तीतही चालीचा क्रम असतोच, तेव्हा अज्ञानाची सबब टिकत नाही. पण मधल्या काळात आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण मोबाइलवर झाले. तेथे आपली पाळी येईपर्यंत बटणच उमटत नसे, त्यामुळे शिष्टाचार सांभाळण्याचे काम यंत्र करीत होते. पैसे लावून चालणाऱ्या ऑनलाइन खेळांना २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मनाई झाली आणि ही सगळी फौज एकदम खऱ्या टेबलावर येऊन बसली.

पैसे लावण्याची रीत पडद्यावर पाहून आलेल्यांनी तीच चालू ठेवावी. ‘हे तुमचे पाचशे...’ असे म्हणत थोड्या चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या, पुढे ठेवाव्यात, समोरच्याचा चेहरा उतरला की खुलला हे नीट न्याहाळावे आणि मग ‘...आणि वर माझे दोन हजार’ म्हणून दुसरी थप्पी उचलावी. हे चालत नाही. रक्कम आधी तोंडाने सांगावी किंवा सगळ्या चिप्स एकाच हालचालीत पुढे न्याव्यात असा दंडक आहे. त्याचप्रमाणे पाचशेची बोली आलेली असताना न बोलता पाच हजारांची एकच चिप टाकली तर ती वाढ धरली जात नाही, पाचशेचीच बरोबरी धरली जाते. डीलर, म्हणजे पाने वाटणारा कॅसिनोचा माणूस, तसे सांगेल. सांगू द्यावे, आणि मग ‘माझ्या मनात वाढवायचेच होते’ या मुद्द्यावर मॅनेजर येईपर्यंत लढावे. टेबलावरची उरलेली माणसे तोवर आपापल्या चिप्सची चळत लावतात आणि मोडतात.

पाने टाकून दिल्यावर आपले काम संपले असे मानणारे लोक आहेत. ते कोल्हापूरचे नसावेत. खासबागेत कुस्ती लागल्यावर हौद्याबाहेरचा प्रत्येक माणूस आतल्या दोघांपेक्षा अधिक जोर करीत असतो, तोच बाणा येथेही जपावा. मध्ये सत्ती, सत्ती आणि दुर्री उघडली की कपाळावर हात मारून ‘अरारारा, सत्ती टाकली की वो मी!’ असे मोठ्याने म्हणावे. डावात असलेले दोघे तेवढ्याचीच वाट पाहत असतात. एकाने आपल्याकडे सत्ती असल्याचे सोंग उत्तम वठवत आणले होते. आता चारपैकी तीन सत्त्यांचा हिशेब आपण जाहीर केल्यामुळे दुसरा त्याच्यावर विश्वास ठेवीनासा होतो. एका हातावर एकच खेळाडू, मसलत नाही, हा नियम जगभर पाळला जातो. आपण त्याला अपवाद आहोत हे वेळोवेळी दाखवत राहावे.

मित्राबरोबर गेला असाल तर शेजारीशेजारी बसावे आणि डाव चालू असताना गावाकडच्या बोलीत सल्लामसलत करावी. ‘भावा, बदामाचं काय खरं न्हाई, सोड.’ टेबलावर दिल्लीचे दोघे आणि हैदराबादचा एक असे चेहरे पाहून आपली भाषा येथे तिजोरीत सुरक्षित आहे असा समज होतो. वाटणारा मुलगा फोंड्याचा असतो, त्याला शब्दन्‌शब्द कळतो, आणि ‘मराठीतूनही बोलायचे नाही, सर’ असे तो शुद्ध मराठीत सांगतो. तेव्हा आश्चर्य वाटल्याचे दाखवावे.

आता मुख्य विषयाकडे येऊ. वरचे सगळे प्रमाद नकळतही घडू शकतात. हा मात्र कमवावा लागतो. समजा, आपल्या हातात इस्पिकचा आणि चौकटचा असे दोन एक्के आहेत, आणि मध्ये बदाम एक्का, किलवर एक्का, चौकट सत्ती, बदाम दुर्री आणि इस्पिक राणी अशी पाच पाने उघडी आहेत. चार एक्के झाले. या पाच पानांवर आपल्याला हरवील असा हात बावन्न पानांत शिल्लक नाही. समोर बेळगावकडचे एक वयस्कर गृहस्थ आहेत; त्यांच्याकडे उरलेल्यांपैकी दोन राण्या आहेत आणि त्यांनी चष्मा पुसून, तो परत लावून, सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या आहेत. एखादा पोरसवदा खेळाडू येथे चटकन ‘कॉल’, म्हणजे बरोबरी, म्हणून पाने उघडी करील. आपण तसे करू नये. प्रथम सुस्कारा सोडावा. मग छताकडे पाहावे. पाण्याची बाटली उघडावी, दोन घोट घ्यावेत आणि टोपण आटे नीट बसेपर्यंत फिरवावे. ‘काय करावं, काका?’ असे त्यांनाच विचारावे. शेवटी घरावर तुळशीपत्र ठेवल्याचा चेहरा करून ‘बघू या, नशिबात असंल तर’ असे पुटपुटत होकार द्यावा. काका आपल्या राण्या दाखवतील आणि पैशांकडे हात नेतील. नेऊ द्यावा. त्यांच्या बोटाला पहिली चिप लागली की एक एक्का टाकावा, थोडे थांबावे आणि मग दुसरा टाकावा. यालाच स्लो रोल म्हणतात. बहुतेक ठिकाणी त्याला दंड नाही; फक्त त्यानंतर टेबलावरचे कोणी आपल्याशी बोलत नाही, त्यामुळे एकाग्रता वाढते.

उलट प्रसंग आला, म्हणजे आपल्या दोन एक्क्यांना कोणी सत्ती-दुर्री घेऊन हरवले, तर गप्प बसू नये. अशी झुंज शंभरातून साधारण बारा वेळा सत्ती-दुर्रीवालाच जिंकतो, पण ही बारा वेळा आपल्या वाट्याला येऊ नयेत असा आपला हक्क आहे. ‘असल्या पानांवर कोण खेळतं का?’ असे विचारून त्याला सर्वांसमक्ष धडा द्यावा. तो बिचारा ओशाळून उठून जाईल किंवा शहाणा होऊन खेळू लागेल. वास्तविक अशी पाने घेऊन पैसे लावणारा माणूस म्हणजे टेबलावरची दुभती म्हैस. तिला हाकलून दिल्याबद्दल उरलेले सात जण आपल्याकडे ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेला आदर समजावे.

डीलरला दोष देण्याचे विसरू नये. तो ठरावीक वेळाने टेबल बदलतो, तेव्हा प्रत्येकाला नव्याने ‘पानं नीट पीस रं’ असे सांगावे लागते. पाने यंत्र पिसत असेल तरीही सांगावे. पाने परत देताना त्याच्या अंगावर फेकावीत, जिंकल्यावर बक्षिशी देताना खिसे चाचपावेत, आणि बुफेतल्या कोंबडीची तंगडी संपवून तशाच बोटांनी पुढची पाने उचलावीत. जिंकलेल्या चिप्सपैकी मोठ्या रकमेच्या चिप्स हळूच खिशात घालाव्यात. टेबलावर आलेला पैसा उठेपर्यंत टेबलावरच ठेवायचा असतो हे कोणी निदर्शनास आणून दिले, तर गुजरीतल्या सराफांकडून घेतलेल्या अंगठ्यांचा हात छातीवर ठेवून दुखावल्यासारखे पाहावे.

कॅसिनोवर मात्र राग धरू नये, कारण पोकरमध्ये तो आपल्याशी खेळतच नाही. आपल्याकडच्या अड्ड्यावर जागावाला प्रत्येक डावातून नाल काढतो, तसा तोही प्रत्येक डावातून काही टक्के काढून टेबलाच्या फटीत सोडतो. कोण जिंकले याच्याशी त्याला कर्तव्य नसते, डाव किती झाले एवढेच तो पाहतो. कॅसिनोंवरचा २८ टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये ४० टक्के झाला, तेव्हा सरकारही आपल्या येण्याकडे डोळे लावून आहे. चिडून, न पाहता, पहाटे चारपर्यंत प्रत्येक डावात पैसे लावीत बसावे, यातच सगळ्यांचे हित आहे.

असे खेळल्यावर निघताना आपल्याला जाणवेल की संध्याकाळी तोंड फिरवणारी तीच माणसे आता ‘एवढ्यात निघालात?’ म्हणून आग्रह करीत आहेत. बेळगावचे काकासुद्धा हात मिळवतील, कारण मधल्या चार तासांत त्यांचे सर्व पैसे व्याजासह वसूल झालेले असतात. मॅनेजर स्वतः होडीपर्यंत सोडायला येईल आणि पुढच्या खेपेला राहण्याची खोली आमच्याकडून, असे हात जोडून सांगेल. कोल्हापूरच्या माणसाचा मान सगळीकडे वेगळाच असतो, असे म्हणून ती खोली घ्यावी.