गुहेमुळे मासे दिसेनासे होतात का?

‘टाकीत गुहा ठेवल्या की मासे दिवसभर दडून बसतात, आत घाण साचते आणि जागेवरून भांडणे लागतात, म्हणून टाकी मोकळी ठेवावी,’ असा सल्ला नव्याने मासे पाळणाऱ्यांना सर्रास दिला जातो.

यातील पहिले कारण वस्तुस्थितीच्या उलट आहे. लहान माशांना निसर्गात सतत शिकाऱ्यांची भीती असते, त्यामुळे जवळ आडोसा असल्याची खात्री असेल तरच ते निर्धास्तपणे उघड्यावर पोहतात. आडोसा नसलेल्या टाकीत ते फिल्टरमागे अंग चोरून राहतात, त्यांचे रंग फिके पडतात आणि खाणेही मंदावते. प्लेको तर मुळातच अंधार पडल्यावर हिंडणारा मासा. तो दिवसा दिसत नाही याचा दोष गुहेला देता येत नाही. उलट, क्रिबेन्सिस या छोट्या माशाची मादी गुहेच्या छताला अंडी चिकटवते आणि ब्रिसलनोज प्लेकोचा नर गुहेत बसून अंड्यांना पंखांनी वारा घालतो, हे विलोभनीय दृश्य मोकळ्या टाकीत सहसा पाहायला मिळत नाही.

घाण साचते हे अंशतः खरे आहे, पण तो दोष रचनेचा आहे. पीव्हीसी नळीचा दोन्ही टोकांना उघडा तुकडा किंवा आडवी ठेवलेली अर्धी मातीची कुंडी यांतून पाणी खेळते राहते आणि घाण ओढून काढणारी सायफनची नळीही आत पोहोचते.

भांडणे गुहांमुळे नव्हे, तर त्या अपुऱ्या असल्यामुळे होतात. हक्क सांगणाऱ्या माशांपेक्षा किमान एक गुहा जास्त असावी आणि त्यांची तोंडे समोरासमोर नसावीत.

खरे धोके वेगळेच आहेत आणि या सल्ल्यात त्यांचा उल्लेखही नसतो. वाळूवर रचलेले दगड, उकरण्याची सवय असलेल्या सिक्लिड गटातील माशांमुळे, ढासळून मासा चिरडू शकतो. म्हणून दगड आधी तळाशी पक्के बसवून मग भोवती वाळू पसरावी. चुनखडी, संगमरवर आणि शिंपले पाण्याचा जडपणा (त्यातील क्षार) व पीएच वाढवतात. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर फेस आला, तर तो मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या, पाण्यातील माशांसाठी वापरू नये. कुंडी झिलई नसलेली घ्यावी आणि तिच्या तळाचे भोक बुजवावे किंवा पुरेसे मोठे करावे. मी ते तसेच ठेवले होते आणि माझा एक लोच जातीचा मासा त्यात अडकून मेला.